ब्रिटा कोणावरही अवलंबून नाही

माझी मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली, ही बातमी मला सरकारी कॉम्प्युटरने दिली. आणि तीसुद्धा माझी चूक म्हणून.

फेब्रुवारीतला शनिवार होता. सरोवरावरून येणारा वारा खिडक्या खडखडवत होता आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला बसलो होतो. आमच्या डुलूथमध्ये हिवाळ्यात काही माणसं बर्फाला भोकं पाडून मासे धरतात, काही चर्चमध्ये गातात. मी रिटर्न भरतो. तीस वर्षांत दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेला नाही. टेबल पुसायचं, कॉफीचं भांडं भरून ठेवायचं, दोन पेन्सिलींना टोक करायचं. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, पेन्सिलीचा काडीचा उपयोग नाही. पण टोक केल्याशिवाय मला सरकारशी बोलायला बसताच येत नाही.

आणि मी काही ऐरागैरा करदाता नाही. शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत बिलांच्या तक्रारी मी ऐकतो. चिडून आलेल्या माणसाला "नियम असा आहे" हे वाक्य मी इतक्या मायेने सांगतो, की काही जण निघताना माझे आभार मानतात. तेव्हा नियमांपुढे भांबावून जाणाऱ्यांतला मी नव्हे.

तर 'अवलंबून असलेल्या व्यक्ती' या रकान्यात मी नेहमीप्रमाणे ब्रिटाचं नाव घातलं. ब्रिटा माझी एकुलती एक मुलगी, वय बावीस. मे महिन्यात तिचं कॉलेज संपलं आणि ती मिनीॲपोलिसला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागली. वर्षातले पाच महिने पूर्णवेळ शिकलेलं, चोविशीच्या आतलं मूल आईबापांना आपल्या रिटर्नवर दाखवता येतं. जानेवारी ते मे. मी बोटांवर मोजलं. पाच बोटं भरली. आणि त्या एका नावामुळे वरच्या रकान्यात माझ्यापुढे 'कुटुंबप्रमुख' असं लागतं. माझी बायको मार्लिस चार वर्षांपूर्वी गेली. कुटुंबात उरलो दोघं, त्यातली एक अडीच तासांच्या अंतरावर. पण हुद्दा तो हुद्दा. कचेरीत तीस वर्षं घासून मला एवढा हुद्दा मिळालेला नाही.

बटण दाबलं. कॉफीचा घोट गिळेपर्यंत उत्तर हजर.

'नामंजूर. आपण दाखवलेल्या व्यक्तीने स्वतःचं रिटर्न भरलं असून, ती व्यक्ती कोणावरही अवलंबून नसल्याचं त्यात नमूद केलं आहे.'

मी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चष्म्याचा दोष नव्हता.

मग ब्रिटाला सरळ फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. पुढे सगळ्यांनीच विचारलं. त्याचं असं आहे, की आमचा फोन रविवारचा. संध्याकाळी ती करते. "ठीक?" "ठीक. तू?" "मीही ठीक." मग मी तिला बर्फ किती पडला ते सांगतो, ती मला तिकडे किती पडला ते सांगते. शनिवारी मधेच फोन केला असता तर तिने घाबरून "काय झालं?" असं विचारलं असतं, आणि 'सरकार म्हणतंय की तू माझ्यावर अवलंबून नाहीस' हे वाक्य बापाने कुठल्या सुरात म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात ड्वेन आला. ड्वेन समोरच्या घरात राहतो, बंदरावरून निवृत्त झालाय, आणि जगात जे जे काही घडतं ते आधी त्याच्या मेहुण्याला घडून गेलेलं असतं.

त्याने स्क्रीनवर वाकून वाचलं आणि शीळ घातली. "चोरी!"

"कसली चोरी?"

"ओळखीची! कुणीतरी तुझ्या पोरीचा सरकारी ओळख-नंबर ढापून तिच्या नावाने रिटर्न भरलंय. माझ्या मेहुण्याचं असंच झालं. फ्लोरिडातल्या कुणा माणसाने त्याच्या नावाने बोट घेतली."

"मग?"

"मग काय? बोटीचे हप्ते मेहुण्याला. तू बसलायस काय असा? हालचाल कर!"

खरं सांगू? मला हायसं वाटलं. चोराने लिहिलं असेल तर ब्रिटाने लिहिलेलं नव्हतं.

रविवारी ब्रिटाचा फोन आला, तेव्हाही मी बर्फाबद्दलच बोललो, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन कर खात्याच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पियानो वाजायला लागला. दर दोन मिनिटांनी एक बाई सांगायची, "तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मी फोन मोठ्या आवाजात ठेवून सँडविच केलं, भांडी घासली, दोन शर्टांना इस्त्री केली. घरात कुणीतरी इतक्या आपुलकीने आणि इतक्या नेमाने बोलतंय, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. खरी बाई लाइनवर आली तेव्हा उलट थोडं चुकल्यासारखंच झालं.

माझी हकिगत ऐकून ती म्हणाली, "सर, तुम्ही मुलीला विचारलंत का?"

"तिला उगाच काळजीत टाकायचं नाही."

"दुसऱ्याच्या रिटर्नबद्दल मला काही सांगता येत नाही, सर. नियम असा आहे."

काय सुरात म्हणाली! अगदी माझ्या सुरात. मी तिचे आभार मानले.

ड्वेनच्या सल्ल्याने मग पोलिस चौकी. टेबलामागे बसली होती सोलव्हेग, ब्रिटाच्या व्हॉलीबॉलच्या टीममधली. गणवेशात मला आधी ओळखूच आली नाही. मी चोरी, फ्लोरिडा, बोट असं सगळं सविस्तर सांगितलं. तिने दोन ओळी लिहिल्या, मग पेन हळूच खाली ठेवलं.

"मिस्टर लिंडाल, ते ब्रिटानेच भरलंय."

"तुला काय माहीत?"

"आमचा मैत्रिणींचा ग्रुप आहे ना. तो 'अवलंबून' वाला प्रश्न आला तेव्हा तिने ग्रुपवर विचारलं होतं. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, 'नाही' वर खूण कर." तिने पेनाचं टोपण लावलं. "मीसुद्धा सांगितलं. सॉरी हं."

"म्हणजे गुन्हा नाही."

"गुन्हा नाही." तिने आवाज उतरवला. "तक्रार फाडून टाकू का?"

"टाक," मी म्हणालो. बाहेर आलो तर गाडीचं दार गोठून बसलेलं. चौकीच्या काचेतून सोलव्हेग बघत होती, म्हणून मी ते दार ओढत असताना शीळ वाजवत राहिलो. शेवटी मागच्या दारातून आत शिरून, सीटवरून रांगत पुढे गेलो. कुटुंबप्रमुख!

शहाण्या माणसाने इथे थांबायचं. पण आता प्रश्न स्वाभिमानाचा झाला होता. गावभरच्या पोरींना विचारलं, पोलिसांना विचारलं, आणि ज्याने तीस वर्षं रिटर्नं भरली त्यालाच नाही? मग मी म्हटलं, बरोबर कोण ते एकदा ठरूच दे. आमच्या लायब्ररीत या दिवसांत निवृत्त मंडळी फुकट टॅक्सचा सल्ला देतात. माझ्या वाट्याला आले फेल्ट्स सर, पूर्वी भूगोल शिकवायचे. त्यांनी माझी ब्रिटा एखाद्या वादग्रस्त प्रांतासारखी तपासायला घेतली.

"पाच महिने शिकली? ठीक. वय? ठीक. निम्म्याहून जास्त खर्च स्वतःचा स्वतः केला? नाही? ठीक." मग त्यांनी बोट वर केलं. "वर्षातला निम्म्याहून जास्त काळ तुमच्या घरी राहिली का?"

"कॉलेजात होती."

"कॉलेज घरातच धरतात. शिकायला गेलेला माणूस परत येणार असं कायदा समजतो. प्रश्न त्यानंतरचा. घर सोडलं कधी?"

मी पुन्हा बोटांवर मोजायला लागलो. जूनमध्ये नोकरी लागली तेव्हा ती एका मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपायची. दर शुक्रवारी घरी यायची. ऑगस्टात स्वतःची जागा घेतली. मग नेमकी गेली कधी? असं दारात उभं राहून, रुमाल हलवून वगैरे काही झालंच नव्हतं.

"सोफा म्हणजे काही घर नव्हे," मी म्हणालो.

"ते परत येण्याच्या इराद्यावर अवलंबून," सर म्हणाले. "तिच्या वस्तू कुठे होत्या ते बघा. शेजाऱ्यांना विचारा. पुरावे जमवा!" एवढ्या उत्साहाने त्यांनी उभ्या हयातीत ब्राझीलसुद्धा शिकवला नसेल.

त्या संध्याकाळी शेजारच्या मिसेस पिकालांच्या स्वयंपाकघरात चौकशी आयोग बसला. मिसेस पिकालांचं वय ब्याऐंशी. त्या वेलदोड्याचा पाव भाजतात आणि सगळ्या गल्लीला अरेतुरे करतात.

ड्वेन म्हणाला, "ऑगस्ट! तुझ्या गाडीच्या टपावर गादी बांधायला मीच होतो. दोरी माझी होती. अजून परत केलेली नाहीस."

"गादी गेली म्हणजे माणूस गेला?" मी विचारलं, खरं तर मनातून खूश होऊन. ऑगस्ट म्हणजे माझी बाजू भक्कम.

"मग काय टूथब्रश गेला म्हणजे गेला? माणूस झोपतो कशावर?"

मिसेस पिकाला पाव कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जून."

"कशावरून, मिसेस पिकाला?"

"जूनपासून तू माझ्याशी बोलायला कुंपणापाशी यायला लागलास. त्याआधी अठरा वर्षं नुसता हात हलवायचास."

ड्वेनने आपल्या कपात बघितलं. मी पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे काही बोलावं लागू नये.

पण हार मानणारा मी नव्हे. पुढच्या शनिवारी मी ब्रिटाच्या खोलीतून एक पिशवी भरली: तिचे स्केट्स, हिवाळ्याचा जुना कोट, चिनी मातीचा कप, एक टूथब्रश. पुरावे. आणि न कळवता मिनीॲपोलिसला निघालो. रस्ताभर मी भाषण तयार करत होतो. त्यात 'इरादा' हा शब्द पुष्कळदा येत होता.

आदल्या रात्री तिथे प्रचंड बर्फ पडला होता. तिच्या इमारतीसमोर एक मोकळी जागा मिळाली, तेव्हा नशीब उघडलं असं मला वाटलं. सगळ्या रस्त्यात एक आख्खी बाजू मोकळी होती! घाईघाईत पिशवी गाडीतच राहिली. बेल वाजवली, दार उघडेना. इमारतीचा मॅनेजर बाहेर येऊन म्हणाला, "काही विकायला आला असाल तर इथे परवानगी नाही."

"मी ब्रिटा लिंडालचा बाप आहे."

त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि कपडे धुण्याच्या खोलीत नेऊन बसवलं. दोन ड्रायर फिरत होते. तासाभराने भाजीच्या पिशव्या घेऊन ब्रिटा दारात उभी राहिली.

"डॅड! काय झालं? बरा आहेस ना तू?"

"मी ठणठणीत आहे," मी म्हणालो, आणि भाषण पार विसरून गेलो. "तू सरकारला काय सांगितलंस?"

तिने पिशव्या खाली ठेवल्या. मग कपाळाला हात लावला. "रिटर्न! तू मला घातलंस?"

"दरवर्षी घालतो."

वर तिच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि ती टपावरून आलेली गादी. तिने सूप गरम केलं. टेबलावर पेन्सिलींचा पेला होता. दोन पेन्सिलींना टोक केलेलं होतं.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तीन रविवार सांगणार होते. तू बर्फाबद्दल बोलत होतास."

"पोलिसांना कळलं, मला नाही."

"पोलिस म्हणजे सोलव्हेग?" तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "डॅड, तुला विचारलं असतं तर तूच भरून टाकलं असतंस."

"भरलंच असतं! चुकलं असतं तर?"

"चुकलंच की. एकदा परत आलं. मी पुन्हा भरलं."

"काय चुकलं होतं?"

"जन्मतारीख."

"स्वतःची?"

"स्वतःची." आता दोघंही हसलो. पण माझं आधी थांबलं.

"हे बघ," मी म्हणालो, "मुद्दा असा आहे की तू गेलीस कधी. ड्वेन म्हणतो ऑगस्ट. तुझा कोट अजून घरी आहे, स्केट्स आहेत. आणि दर शुक्रवारी तू घरी येत होतीस."

तिने चमचा खाली ठेवला. "मी तेवीस जूनला गेले, डॅड."

"पण येत होतीस की."

"भेटायला येत होते. तू ओव्हनमध्ये सहा जणांना पुरेल एवढी हॉटडिश भाजून ठेवायचास. फोनवर सांगायचास, 'उरली तर फुकट जाईल.'" ती वाटीतल्या सुपाकडे बघत बोलत होती. "आणि सामान मी मुद्दामच थोडं थोडं नेलं. सगळं एकदम नेलं असतं तर तुला एकदम रिकामी खोली बघावी लागली असती. कोट मला केव्हापासून होत नाही, डॅड. दंडात घट्ट होतो."

खाली रस्त्यावर कसलं तरी अवजड यंत्र घरघरत होतं. मी ते नीट ऐकत राहिलो.

"तुला हवं असेल तर मी माझं बदलते," ती म्हणाली. "मी तुझ्यावर अवलंबून आहे असं लिहिते. तुझं पास होईल. मला थोडं जास्त पडेल, पडू दे."

आता इथे मी लगेच बाणेदारपणे नाही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी एक वाटी सूप संपेपर्यंत विचार केला. घेऊन टाकावं, असंच वाटत होतं. आणखी एक वर्ष, नुसतं कागदोपत्री. कोण बघायला येतंय?

"तेवीस जून," मी म्हणालो, "म्हणजे निम्म्या वर्षाला आठवडा कमी. नियम असा आहे."

तिने लॅपटॉप पुढे सरकवला. मी माझं रिटर्न उघडलं आणि तिच्या नावापुढची खूण दाबली. कॉम्प्युटरने विचारलं, 'ही व्यक्ती तुम्हाला नक्की काढून टाकायची आहे का?' असल्या गोष्टी हे सरकारी लोक कोणाकडून लिहवून घेतात, कळत नाही. मी 'होय' दाबलं. आणि मग मी काहीही न दाबता वरच्या रकान्यातला 'कुटुंबप्रमुख' गेला. तिथे आपोआप 'एकटा' आलं.

ब्रिटाने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबली.

"हे टॅक्सपुरतं असतं, डॅड."

"मला माहीत आहे. तीस वर्षं भरतोय मी."

पाठवलं. या वेळी काही हरकत आली नाही.

खाली आलो तर गाडी नव्हती. ती मोकळी बाजू मोकळी का होती, हे तेव्हा मला कळलं. बर्फ उपसायला पालिकेने ती बाजू रिकामी करायला सांगितली होती, आणि माझी गाडी बाकीच्या गुन्हेगारांबरोबर उचलून नेली होती. पाकीट गाडीत. ओळखपत्र पाकिटात. पुरावेही गाडीत.

"चल," ब्रिटा म्हणाली. तिने माझं बसचं तिकीट काढलं. जप्त गाड्यांच्या आवारात रांग होती. मी खिडकीशी जाऊन पाणीपुरवठा खात्यातल्या अनुभवी आवाजात म्हणालो, "बघा, मी स्वतः पालिकेचा माणूस आहे, डुलूथच्या..."

"सर, तुम्ही पिवळ्या रेषेच्या मागे थांबा," खिडकीतली बाई म्हणाली. "आधी तुमच्या मुलीला बोलू द्या."

मी रेषेच्या मागे थांबलो. ब्रिटा बोलली. गाडीचा नंबर तिला तोंडपाठ होता. दंड तिने भरला, पावती घडी करून माझ्या कोटाच्या खिशात घातली आणि वरून खिशाचं बटण लावलं. मला काय वाटलं ते मला धड सांगता येणार नाही. मान खाली गेली होती आणि तरी तिथून लगेच निघावंसं वाटत नव्हतं.

"तुला सोडतो घरी."

"नको. मला इथूनच मैत्रिणीकडे जायचंय, बस दारात सोडते. आणि बर्फ परत यायच्या आत तू हायवेला लाग."

"सोडतो ना."

"डॅड."

बस आली. ती चढली. मी गाडी बाहेर काढली आणि बसच्या मागे लागलो. मुद्दाम नव्हे, बस पुढे होती, एवढंच. एक थांबा गेला. दुसरा गेला. प्रत्येक थांब्यावर बस थांबली की मीही थांबायचो आणि मागचे लोक हॉर्न वाजवायचे. मग फोन वाजला.

"डॅड, तू बसच्या मागे का येतोयस?"

"मी कुठे? हा रस्ताच आहे."

"हायवे दोन सिग्नल मागे राहिला."

बसच्या मागच्या काचेवर कुणीतरी आतून हातमोज्याने वाफ पुसली. ती ब्रिटाच होती, कानाला फोन लावलेली.

"बरं, ऐक," ती म्हणाली. "पुढच्या सिग्नलला डावीकडे वळ. मग सरळ. उजव्या हाताला हायवेची पाटी दिसेल."

"आणि तू?"

"माझी बस सरळ जाते."

सिग्नल लाल होता. बस आणि मी एकामागे एक उभे होतो. तिने हात हलवला नाही, नुसतं बोटाने डावीकडे दाखवलं. हिरवा झाला. बस सरळ गेली, मी डावीकडे वळलो. फोन दोघांनीही ठेवला नव्हता. तिच्या बाजूने बसमधला पुढचा थांबा पुकारल्याचा आवाज आला.

"दिसली का पाटी?" तिने विचारलं.

"दिसली," मी म्हणालो. अजून दिसली नव्हती.